किती सोयाबीन भिजत घालू

मंदी आली हे मला बातम्यांनी नाही सांगितलं,
कागदी पेल्यांनी सांगितलं.
शिंचूत, चिपांच्या कारखान्यासमोर माझी नाश्त्याची टपरी,
वाऱ्याकडे पाठ करून उभी.
रात्रपाळी सुटली की सोयादुधाचे दोनशे पेले जायचे.
मग दीडशे.
मग नव्वद, आणि परवा मंगळवारी
एकसष्ट.

येह बोरुई म्हणतो, गोदामं तुडुंब भरलीत, मावशी,
यंत्रं चालवली तरी तोटा, थांबवली तरी तोटा.
त्याला आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी सुट्टी.
त्या दोन दिवशीही सातच्या ठोक्याला येतो,
ओळखपत्र गळ्यात घालून.
बायकोला अजून सांगितलेलं दिसत नाही.

आमच्याकडे भाव चढला की फळा लाल होतो,
उतरला की हिरवा.
गेले कित्येक महिने दलालाच्या भिंतीवर नुसतं भाताचं खाचर.
आणि तिकडे आत, यंत्रांच्या डोक्यावर
ही शिकलेली पोरं मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवतात,
हिरवंच,
यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून.
फोडलेलं चालत नाही. तारीख उलटलेलं चालत नाही.
लाल ठेवलं तर यंत्र रुसतं, म्हणतात.
भिंतीच्या आत हिरवं शुभ,
बाहेर त्याच हिरव्याने घरं बसतात.
कोणत्या हिरव्यावर विश्वास ठेवायचा?

मी घेते.
शुक्रवारी गर्दी ओसरली, गल्ला मोजून झाला की.
वीस शेअर, अकरा शेअर, एकदा तर सातच.
खिडकीवरची फान-जियांगांची मुलगी विचारते,
अजून खाली जाईल, थांबत का नाही?
तळ कुठे आहे ते बादलीला कळतं, बाई,
आपटल्यावर.
मागच्या मंदीत नवऱ्याचं ऐकून सगळे विकले मी.
त्या पैशांत फ्रिज आला.
चांगला आहे फ्रिज, अजून चालतो.
दार उघडलं की दर वेळी आजचा भाव आठवतो,
आणि कोबी काढायला गेलेली मी
नुसतीच गार हवा खात उभी राहते.

शिनपूला माझी बहीण पर्सिमॉन वाळवते.
कच्चं फळ इतकं तुरट की जीभ आखडते.
सोलून याच वाऱ्यात मांडायचं, रोज बोटांनी दाबायचं,
धीर धरला तर साखर धरते, म्हणते ती.
काही आतून नासतात.
तीही रोज दाबलेलीच असतात.
हे ती दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगते.

काल बोरुईने अंड्याची पोळी खाता खाता सांगितलं :
बोनसात मिळालेले शेअर विकले, घराचा हप्ता होता.
कधी?
शुक्रवारी. अकराच्या सुमारास.
शुक्रवारी, अकराच्या सुमारास
मी घेतले होते. ते सात.
बाजारात मालाला नाव नसतं,
कुणाच्या हातचं कुणाच्या पदरात पडलं
विचारायची सोय नाही.
मी त्याच्याकडून पोळीचे पैसे घेतले नाहीत.
त्याला वाटलं, मावशीला दया आली.

कंपनीने यंदा भागधारकांना छत्री दिली.
या गावात, छत्री!
टपरीपासून सिग्नलपर्यंत जाईतो उलटी झाली.
काड्या सरळ करून ठेवली आहे.
कंपनीत माझाही वाटा आहे, त्याचा तेवढाच पुरावा.

आता रात्र. पातेलं समोर.
साठ पेल्यांना तीन किलो पुरे.
तीन मोजले, पोत्याचं तोंड बांधलं, दिवा मालवला.
रस्त्यापलीकडे बिनखिडक्यांच्या भिंतीमागे
काहीतरी घुमतंय,
कालच्यापेक्षा जास्त की वारा पडल्यामुळे तसं वाटतंय,
कळेना.

दिवा लावला. पोतं सोडलं.
एक मूठ जास्तीची.
आणखी एक.
तिसरी हातात धरून उभी आहे.